तात्सा फार्नेसेचा सातबारा: मालकीची साखळी कुठे पक्की, कुठे कच्ची?

शिक्कामोर्तब

नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात २७६११ या क्रमांकाखाली एक दगडी वाटी आहे. सार्डोनिक्सच्या (तपकिरी-पांढऱ्या थरांच्या अकीकाच्या) एकाच तुकड्यातून कोरलेली, व्यास साधारण २० सेंमी. आतल्या बाजूला नाईल, इसिस, स्फिंक्स अशी सगळी इजिप्तची मंडळी, आणि उपडी केली की बुडाला मेदुसाचा, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी राक्षसीचा, चेहरा. नाव 'तात्सा फार्नेसे'. तात्सा म्हणजे वाटी किंवा पेला, आणि फार्नेसे हे तिच्या अनेक मालकांपैकी एका घराण्याचं आडनाव.

जालावर तिची मालकी साधारण अशी दिलेली असते: सम्राट फ्रेडरिक दुसरा (१२३९), मग तैमुरी दरबार (समरकंद किंवा हेरात), नेपल्सचा राजा आल्फोन्सो, कार्डिनल त्रेविझान, पोप पॉल दुसरा, लोरेन्झो दे मेदिची (१४७१), ऑस्ट्रियाची मार्गारेट, फार्नेसे घराणं, बूर्बों राजे, इटालियन राज्य.

माझं मत असं की ही साखळी १२३९ पासून सलग लागते. जाणकारांनी कडी-कडी तपासावी. कुठल्या कडीला कागद आहे, कुठे नुसतं 'असावं' आहे?

---

दप्तरी

सलग लागत नाही. १४७१ पासून पक्की, १४६५ ते १४७१ बरीचशी पक्की, त्याआधी विरळ.

तुम्ही सुरुवातच उलटी केलीय. सातबारा काढताना आपण आजच्या नावापासून एकेक फेरफार मागे जातो. मूळ पुरुषापासून खाली आलं की प्रत्येक जण स्वतःला छत्रपतींच्या सरदाराचा वंशज म्हणवतो. वस्तूंचंही तसंच. पुढून मागे आलात तर १२३९ मधली कुठलीही मोठी ऑनिक्सची वाटी 'हीच ती' वाटते. मागे जात राहिलात तर प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न असतो: हा कागद ज्या वस्तूबद्दल बोलतो ती हीच, असं ओळखायला खूण काय?

खुणा तीन प्रकारच्या: वर्णन (आत काय, बाहेर काय), माप किंवा वजन, आणि वस्तूवरच कोरलेलं वा चिकटवलेलं काही. तीनपैकी दोन जुळल्या तर कडी धरावी. नुसतं दगडाचं नाव जुळलं तर पेन्सिलीने लिहावी.

---

मोडीवाचक

दप्तरींना +१.

१४७१ ची कडी लोरेन्झोच्या स्वतःच्या टिपणावर उभी आहे. त्या सप्टेंबरात तो नव्या पोपच्या, म्हणजे सिक्स्टस चौथ्याच्या, राज्यारोहणासाठी फ्लॉरेन्सचा वकील म्हणून रोमला गेला होता. टिपणात तो म्हणतो की पोपने मला ऑगस्टस आणि अग्रिप्पा यांची दोन प्राचीन संगमरवरी मस्तकं भेट दिली. त्यानंतर वाक्याचं क्रियापद बदलतं: शिवाय मी आमची कोरीव काल्चेदोनियोची (अकीकाच्या जातीच्या दगडाची) 'स्कुदेल्ला', म्हणजे वाटी, आणली, सोबत इतर पुष्कळ कॅमिओ (उठावाचं कोरीव काम केलेले खडे) आणि पदकं, जी तेव्हा विकत घेतली.

पोपने वाटी भेट दिली असं अर्ध्या संकेतस्थळांवर आहे. टिपणात 'भेट' हा शब्द फक्त मस्तकांना लागतो. वाटीला 'आणली', आणि त्याच दमात 'विकत घेतली'.

---

टवाळ

म्हणजे बक्षीसपत्र नाही, खरेदीखत आहे. मुद्रांक शुल्क भरलं होतं का?

---

रावसाहेब_तलाठी

खरेदीखत म्हणता, पण देणाऱ्याचं नाव कुठे आहे? 'विकत घेतली' एवढंच. कोणाकडून ते नाही. आणि 'जी तेव्हा विकत घेतली' हे कॅमिओंना आणि पदकांना लागू आहे, वाटीला नाही, असंही वाचता येतं.

---

मोडीवाचक

@रावसाहेब_तलाठी, व्याकरणाने दोन्ही चालतं, मान्य. म्हणून भोवतालचे कागद बघायचे. पॉल दुसरा २६ जुलै १४७१ ला वारला. त्याने जमवलेल्या रत्नांचा ढीग सिक्स्टसने विकायला काढला आणि त्या व्यवहारात मेदिचींच्या रोममधल्या पेढीचा हात होता. विकणारा आणि माल दोन्ही समोर दिसतात.

पॉलकडे कशी आली? कार्डिनल लुदोविको त्रेविझान १४६५ मध्ये गेला. पॉलचं आणि त्याचं जन्माचं वैर. पोपने त्याचं मृत्युपत्र रद्द ठरवून मालमत्ता ताब्यात घेतली. इथे एक नेहमीची चूक होते. पॉल कार्डिनल बार्बो असताना १४५७ मध्ये त्याच्या संग्रहाची यादी झाली होती. लोक त्या यादीत वाटी शोधतात. पण त्रेविझानचा माल आठ वर्षांनी आला! यादीची तारीख आधी बघावी, मग आतला मजकूर.

---

अकीक

याच वाटेने गेलेली आणखी एक वस्तू आहे आणि तिची साखळी समकालीन माणसाने लिहून ठेवलीय. निक्कोलो निक्कोली या फ्लॉरेन्सच्या विद्वानाने रस्त्यात एका पोराच्या गळ्यात काल्चेदोनियोचा कोरीव खडा पाहिला आणि त्याच्या बापाला ५ फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) देऊन घेतला. पुढे त्रेविझानने तो २०० सोन्याच्या डुकाटांना घेतला, त्याच्याकडून पोप पॉल, त्याच्याकडून लोरेन्झो. लिहिणारा वेस्पासियानो दा बिस्तिच्ची, फ्लॉरेन्सचा पुस्तकविक्रेता. १४९२ च्या यादीत याच खड्याची किंमत १,५०० फ्लोरिन लावलीय.

वाटीचा थेट पुरावा हा नव्हे. पण त्रेविझान, पॉल, लोरेन्झो हा रस्ता वाहता होता एवढं यातून कळतं.

---

टवाळ

त्या पोराच्या बापाची हरकत नोंदवून घ्या कोणीतरी.

---

दप्तरी

आता १४९२ ची यादी, सगळ्यात भक्कम कागद. लोरेन्झो ८ एप्रिल १४९२ ला गेला, त्यानंतर वाड्यातल्या खोल्याखोल्यांतून फिरून याद्या झाल्या. फ्लॉरेन्सच्या राज्य अभिलेखागारात 'मेदिचेओ आवांती इल प्रिंचिपातो' या दप्तराचा १६५ वा रुमाल. या दप्तराच्या प्रतिमा जालावर आहेत.

वाटीची नोंद थोडक्यात अशी: सार्दोनियो, काल्चेदोनियो आणि अकीकाची एक स्कोदेल्ला, आत अनेक आकृत्या, बाहेर मेदुसाचं मस्तक, वजन २ पौंड ६ औंस, किंमत १०,००० फ्लोरिन. आतलं आणि बाहेरचं दोन्ही वर्णन जुळतं, वर वजनही आहे.

वजन वापरायचं असेल तर:

फ्लॉरेन्सचा पौंड ३३९.५ ग्रॅमचा आणि १२ औंसांचा. म्हणजे २ पौंड ६ औंस = अडीच पौंड = सुमारे ८४९ ग्रॅम. इंग्रजी पौंड धरून १६ औंसांनी भाग दिलात तर ६ औंस म्हणजे अर्धा पौंड राहत नाही, आणि अंतिम आकडा हजार ग्रॅमच्या पुढे जातो.

यादीतल्या वजनात बैठक, कोंदण, सोन्याची कड धरलीय का ते शब्दांवरून बघायचं. इथे कोंदणाचा उल्लेख नाही, म्हणजे उघडा दगड. आज वाटीच्या मध्याजवळ आरपार भोक आहे, बैठकीला बसवण्यासाठी पाडलेलं. शिवाय १९२५ नंतरचं सांधकाम. वजन ग्रॅमला ग्रॅम जुळण्याची अपेक्षा धरू नका.

तिसरी गोष्ट, हा १४९२ चा मूळ कागद नाही. डिसेंबर १५१२ मधली नक्कल आहे. मेदिची त्याच वर्षी फ्लॉरेन्सला परत आले, तेव्हा आपलं काय काय गेलं ते मांडायला यादीची गरज होती. नक्कल करणाऱ्याचा हेतू मालकी सांगण्याचा होता हे डोक्यात असू द्या.

---

सांजवात

दहा हजार म्हणजे किती? तुलनेला काही?

---

दप्तरी

त्याच यादीत चित्रकार उच्चेल्लोची सान रोमानोच्या लढाईची तीन मोठी चित्रं आणखी तीन चित्रांसकट ३०० फ्लोरिनांना धरली आहेत. आज त्यांपैकी एक लंडनला, एक पॅरिसला, एक फ्लॉरेन्सला, आणि बघायला रांगा.

---

गोदाकाठ

दगडाकडे कोणी बघणार की नाही? पेरिप्लस या जुन्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात स्पष्ट आहे: बारिगाझापासून, म्हणजे भरुचपासून, दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर. पैठणहून ऑनिक्सचा दगड गाड्यांनी भरुचला जायचा, बिकट वाटांनी. सातबाऱ्याची पहिली नोंद गोदाकाठची लावा.

---

अकीक

@गोदाकाठ, मोह मलाही होतो, पण पेन्सिलीनेच.

पेरिप्लस इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा. वाटीचा काळ इसपू दुसऱ्या शतकापासून ऑगस्टसच्या काळापर्यंत कुठेही लावतात. म्हणजे कागद वस्तूनंतरचा. व्यापार आधीपासून असणार हे ठीक, पण 'असणार' म्हणजे नोंद नव्हे.

दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत अकीक भरपूर सापडतो हे खरं. मात्र सार्डोनिक्सचे थर डोळ्यांनी बघून खाण ओळखता येत नाही. तपकिरी रंग तर भाजूनही गडद करतात. त्यामुळे रंगावरून 'हा भारतीयच' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. या वाटीत मोठेपणा थरांचा आहे: २० सेंमी रुंदीत पांढरा आणि तपकिरी थर इतका सलग मिळणं दुर्मीळ, आणि कोरणाऱ्याने आकृत्या पांढऱ्यात व पार्श्वभूमी गडद थरात ठेवलीय.

---

गोदाकाठ

बरं, दगड सोडतो. पण त्याच इमारतीत पाँपेईची हस्तिदंती मूर्ती आहे ना? तिचं तर भोकरदनशी नातं आहे!

---

अकीक

आहे, आणि या धाग्याला ते उपयोगी आहे. १९३८ मध्ये आमेदेओ मायुरीच्या उत्खननात पाँपेईच्या एका घरात ती सापडली. घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात. उंची साधारण २५ सेंमी. आधी लक्ष्मी म्हणाले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. पायथ्याशी खरोष्ठी अक्षर आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात याच घाटाची हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि तेरलाही जवळच्या शैलीचं काम आहे. म्हणून दख्खनची कार्यशाळा पुढे येते. खरोष्ठी मात्र वायव्येची लिपी, तिथे गाठ बसते.

फरक लक्षात घ्या. मूर्तीचा सापडण्याचा ठिकाणा पक्का आहे: अमुक घर, अमुक थर, इसवी सन ७९ ची राख. मधले मालक कोरे. वाटीचं बरोबर उलटं, मालक ओळीने माहीत, पण ती कुठल्या मातीतून निघाली, मुळात मातीत गेली होती का, ते कोरं. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि संग्रहालयाच्या पाटीवर ते सर्रास एका वाक्यात कोंबतात.

---

शिक्कामोर्तब

१२३९ वर कोणी बोलेना. डिसेंबर १२३९ मध्ये फ्रेडरिकने प्रोव्हान्सच्या व्यापाऱ्यांकडून ऑनिक्सची मोठी 'स्कुतेल्ला' घेतली, त्याच्या दप्तरात नोंद आहे. १,२३० औंस सोनं मोजलं. एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या वाटीला?

---

दप्तरी

तीन अडचणी.

१,२३० औंस हे वाटी 'आणि इतर जडजवाहीर' यांचे मिळून आहेत. वाटीचा भाव त्यातून निघत नाही.

वर्णन नाही. आत आकृत्या आहेत, बाहेर मेदुसा आहे, काही नाही. 'ऑनिक्सची मोठी वाटी' त्या काळी एकच नव्हती. व्हिएन्नाच्या शाही खजिन्यातला अकीकाचा थाळा मुठींसकट ७६ सेंमी रुंद आहे. मोठेपणाच बघायचा तर तो कितीतरी पुढे.

तिसरी अडचण कागदाचीच. फ्रेडरिकच्या कचेरीची १२३९-४० ची नोंदवही ही त्याची एकमेव उरलेली वही होती. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सच्या अभिलेखागाराने मौल्यवान दप्तर सान पाओलो बेल सितो इथल्या एका व्हिलात हलवलं. ३० सप्टेंबर १९४३ ला जर्मन सैनिकांनी ते जाळलं. ती वही गेली, नेपल्सच्या आंजू घराण्यातल्या राजांच्या नोंदवह्या गेल्या, फार्नेसे दप्तराचाही मोठा भाग गेला. आज वहीचा मजकूर मिळतो तो आधी छापलेल्या प्रतींवरून आणि नकलांवरून. मूळ शब्द खोडला होता का, समासात काही होतं का, ते आता तपासता येत नाही.

---

रावसाहेब_तलाठी

रेकॉर्ड रूमला आग लागली हे वाक्य ओळखीचं वाटतंय.

---

सांजवात

पण फ्रेडरिकची आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल याची मैत्री होती ना? त्याला भेट दिली, मग दमास्कसहून १४०१ मध्ये तैमूरने नेली. बसतं की सगळं.

---

मोडीवाचक

@सांजवात, अल-कामिल १२३८ मध्ये वारला. वाटी डिसेंबर १२३९ ची. मेलेल्या माणसाच्या नावे फेरफार होत नाही.

गोष्ट जितकी छान बसते तितकी तारखा आधी लावाव्यात. एका कागदावर सगळ्या माणसांचे जन्म-मृत्यू एका रांगेत आणि वस्तूचे उल्लेख दुसऱ्या रांगेत. निम्म्या कथा तिथेच गळतात.

---

अकीक

तैमुरी कडीचा पुरावा मात्र भलताच सुंदर आहे. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात डीत्स चित्रसंग्रह आहेत. डीत्स हा १७८४ ते १७९० कॉन्स्टँटिनोपलला प्रशियाचा वकील, त्याने तिकडे जमवलेली पानं मरणोत्तर ग्रंथालयाला दिली. त्यात मुहम्मद अल-खय्याम या चित्रकाराचं, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, शाईचं रेखाटन आहे: वाटीच्या आतलं दृश्य, जसंच्या तसं. १९६४ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि तोवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेली पूर्वेची वाट उघडली.

यावरून एवढंच म्हणता येतं की चित्रकाराने ही वाटी किंवा तिचा ठसा पाहिला. ती दरबाराच्या मालकीची होती हे चित्र सांगत नाही. व्यापाऱ्याच्या पेटीतली वस्तूही काढता येते. म्हणून साखळीत 'मालक: तैमुरी' न लिहिता 'तैमुरी प्रदेशात पाहिली गेली' लिहावं.

आणि हे चित्र फ्रेडरिकच्या कडीला मदत करत नाही, उलट अडचण करतं. १२३९ ला इटलीत, दीड-दोनशे वर्षांनी तैमुरी प्रदेशात, पुन्हा १४५८ च्या आत नेपल्सला आल्फोन्सोकडे. दोन प्रवास मानावे लागतात, एकाचाही कागद नाही. फ्रेडरिक वगळला तर पूर्वेकडून एकच प्रवास पुरतो.

---

शिक्कामोर्तब

हे पटलं. फ्रेडरिक पेन्सिलीने.

१४९४ ते १५३७ मध्ये काय? पिएरो दे मेदिची पळाला तेव्हा लूट झाली होती.

---

दप्तरी

रत्नं लहान, खिशात मावतात, म्हणून पुतळ्यांपेक्षा जास्त वाचली. पिएरोने रोममध्ये त्यातली काही सावकाराकडे गहाण टाकली. या काळात 'बोजा' आणि 'मालकी' वेगळी ठेवा. गहाणाच्या यादीत वस्तू दिसली म्हणून सावकार मालक होत नाही.

पुढे ड्यूक आलेस्सांद्रो दे मेदिचीचा खून झाला आणि त्याची बायको मार्गारेट, सम्राट चार्ल्स पाचव्याची मुलगी, रत्नं घेऊन निघाली. १५३८ मध्ये तिने ओत्ताव्हियो फार्नेसेशी लग्न केलं. वाटीचं आडनाव इथे बदललं. नवा ड्यूक कोसिमो मेदिचींच्या मालावरचा हक्क सोडायला तयार नव्हता, त्यामुळे या बाजूचे कागद वाचताना कोण कोणाला लिहितंय ते बघा.

तारखेचा सापळा: खून ६ जानेवारी १५३७ ला. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून तिथल्या कागदात १५३६ दिसेल. रोमचा कागद वेगळं वर्ष सांगेल. १ जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक फ्लॉरेन्टाइन तारीख दोन्ही प्रकारे लिहून ठेवा, नाहीतर नवरा जिवंत असताना बाई विधवा होते.

---

टवाळ

काही संसारांत होतंच तसं.

---

मोडीवाचक

उरलेलं सरळ आहे. फार्नेसेंचा पुरुष वंश १७३१ मध्ये संपला, हक्क स्पेनची राणी एलिझाबेत्ता फार्नेसेकडून तिच्या मुलाकडे, चार्ल्सकडे. १७३४ मध्ये तो नेपल्सचा राजा झाला आणि फार्नेसेंचं पार्मा ऑस्ट्रियाला सोडताना फार्नेसे संग्रह नेपल्सला नेला. १८६० मध्ये बूर्बों गेले, संग्रहालय राष्ट्राचं झालं. (काही काळ संचालकपदी अलेक्झांद्र द्यूमा होता. हो, तोच कादंबरीकार.)

१९२५ मध्ये संग्रहालयाच्याच पहारेकऱ्याने छत्रीने वाटी फोडली. मालकीत फरक नाही, पण १९२५ च्या आधीची छायाचित्रं आणि ठसे त्यामुळे मोलाचे झाले.

---

जुनीबाजारपेठ

हे सगळं पोथीनिष्ठ वाटत असेल तर उलटं उदाहरण. प्राचीन ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसचा, सार्पेडन या वीराचं चित्र असलेला मद्यकुंभ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने १९७२ मध्ये १० लाख डॉलरना घेतला. सोबत लेबनॉनच्या एका विक्रेत्याची पत्रं: घराण्यात १९२० पासून, तुकड्यांत. प्रत्यक्षात १९७१ च्या शेवटी इटलीतल्या चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून काढलेला. २००८ मध्ये इटलीला परत गेला.

त्या पत्रांत माणसं खरी, तारखा सुसंगत. नव्हती ती वस्तूची खूण. दप्तरींनी वर सांगितलेला प्रश्न कोणी नीट लावला नाही. इटलीत १९०९ च्या ३६४ क्रमांकाच्या कायद्यापासून परवान्याशिवाय पुराणवस्तू बाहेर नेणं बेकायदा आहे. त्यामुळे बनावट साखळ्या हमखास १९०९ च्या आधी किंवा तिसऱ्याच देशात सुरू होतात. 'स्विस खासगी संग्रह' दिसला की थांबावं.

---

शिक्कामोर्तब

सुधारित नोंद: १४७१ पासून पुढे शाईने. त्रेविझान आणि पॉल शाईने, पण खरेदीचा तपशील मोकळा. आल्फोन्सो पेन्सिलीने. तैमुरी 'पाहिली गेली'. फ्रेडरिक पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह. पैठण, गोदाकाठ यांची क्षमा मागून, समासात.

एक विचारायचं राहिलं. संग्रहालयाच्या नोंदीत हे कुठे बघायचं?

---

दप्तरी

इटलीच्या राष्ट्रीय सूचीतल्या पुराणवस्तूंच्या पत्रकाला 'आरए' म्हणतात, चित्र-शिल्पांच्या पत्रकाला 'ओए'. सूची क्रमांकाच्या आधी प्रदेशाचे दोन अंक, कांपानियाचे १५. पत्रकात 'इन्व्ह' आणि 'कोल' हे दोन रकाने बघा. पहिल्यात जुने-नवे यादी क्रमांक, दुसऱ्यात आधीचे संग्रह. एकापेक्षा जास्त 'इन्व्ह' असतील तर प्रत्येक क्रमांक कोणत्या वर्षीच्या यादीचा ते आधी ठरवा. नेपल्समध्ये याद्या अनेकदा नव्याने झाल्या, त्यामुळे एकच आकडा दोन याद्यांत दोन निराळ्या वस्तूंचा असू शकतो.

---

रावसाहेब_तलाठी

सात नंबर झाला. बारा नंबरात पीक काय लावू? वाटीतल्या बाईच्या हातात कणसं दिसतात, शेजारच्या पोराकडे नांगराचा दांडा आणि बियाण्याची पिशवी.

---

गोदाकाठ

गहू लावा. जलसिंचनाचं साधन: नाईल.